हातच्या गोट्या की यंत्राच्या? जुन्या काचेच्या गोट्या जमवताना कुठली वाट धरावी

जुन्या काचेच्या गोट्या जमवायला लागलं की वर्ष-दीड वर्षात एक फाटा येतो. एका वाटेला जर्मनीतल्या हातच्या गोट्या, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या महायुद्धापर्यंतच्या. दुसऱ्या वाटेला अमेरिकेतल्या यंत्राच्या, विसाव्या शतकाच्या पहिल्या पन्नास वर्षांतल्या. सुरुवातीला दोन्ही घेतल्या जातात, मीही घेतल्या. पण ओळखायला शिकायचं म्हटलं की दोन्हीकडे एकदम डोळा बसत नाही. भिंग कुठे धरायचं ती जागा वेगळी, फसायच्या तऱ्हा वेगळ्या, चुका दुरुस्त करायला लागणारा वेळही वेगळा. एक बाजू पक्की झाली की मग दुसरीकडे वळणं सोपं जातं. म्हणून पहिली कुठली, एवढाच प्रश्न इथे घेतोय. तीन शब्द पुढे सारखे येतील: स्लॅग म्हणजे रंगीत काचेत पांढऱ्या काचेचे वळसे असलेली गोटी, स्वर्ल म्हणजे आत पीळ घातलेल्या रंगीत दोऱ्या असलेली, आणि पॅच म्हणजे एका रंगाच्या गोटीच्या अंगावर दुसऱ्या रंगाचे पट्टे असलेली.

यंत्राच्या गोट्यांपासून सुरुवात करतो, कारण माझी सुरुवातही तिथूनच झाली आणि त्यांची ओढ अजून गेलेली नाही.

ओहायोतल्या ॲक्रन शहरात मार्टिन ख्रिस्टेनसेन यांनी काचेचे गोळे वळणाऱ्या यंत्राचं पेटंट १९०५ मध्ये मिळवलं. यंत्र आलं तरी तिथे काच माणूसच उचलायचा. सळईवर गोळा घ्यायचा, तो ओघळू द्यायचा, कात्रीनं तोडायचा आणि तो तुकडा यंत्राच्या खाचेत पडायचा. सळई फिरवत काच उचलल्यामुळे गोटीच्या एका टोकाला ९ या आकड्यासारखा वळसा पडतो आणि कात्री लागली त्या टोकाला आखूड शेपूट राहतं. हिरव्या-पांढऱ्या स्लॅगवर हा वळसा पहिल्यांदा स्वच्छ दिसला, त्या संध्याकाळी मी ती गोटी खाली ठेवलीच नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या एका मनगटाची हालचाल काचेत तशीच थिजलेली असते. ख्रिस्टेनसेन यांचा हा कारखाना १९१७ मध्ये बंद झाला.

ॲक्रो ॲगेट कंपनीचाही जन्म ॲक्रनचाच. ती १९१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि १९५१ पर्यंत चालली. तिचा कॉर्कस्क्रू हा प्रकार नवशिक्यालाही पटकन जमतो. भट्टीच्या तोंडाशी काचेची धार फिरवली जायची, त्यामुळे गोटी गोल वळणाऱ्या यंत्राच्या रुळांवर पडण्याआधीच तिला पीळ बसायचा. रंगाचा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जिन्यासारखा चढत जातो. गोटी बोटांत फिरवली की कळतं, फार शिकावं लागत नाही. ओहायोतल्या केंब्रिजची ख्रिस्टेनसेन ॲगेट ही वेगळी कंपनी. ती १९२५ ते १९३३ एवढीच वर्षं टिकली, पण तिच्या नारिंगी-पिवळ्या रंगांना जी धग आहे ती दुसऱ्या कुणाला साधलेली मी पाहिली नाही. तिच्या 'गिनी' आणि 'फ्लेम' गोट्या हातात घ्यायला मिळाल्या तर सोडू नका, विकत घेणं परवडलं नाही तरी डोळे भरून बघून घ्या. इलिनॉयमधल्या ओटावाची पेल्टियर कंपनी, तिच्या पट्ट्यांच्या गोट्या आणि त्यांना जमवणाऱ्यांनी दिलेली 'सुपरमॅन', 'ख्रिसमस ट्री', 'झेब्रा' अशी नावं. ही नावं ऐकूनच अर्धे लोक या छंदात ओढले जातात.

शिवाय यंत्राच्या गोट्या चांगल्या अवस्थेत मिळतात. मूळ डबीतून कधी बाहेरच न पडलेल्या, अंगावर एकही ठोका नसलेल्या गोट्या अजून निघतात. शंभरातल्या दोन-चार हातच्या गोट्यांबद्दल असं म्हणता आलं तरी खूप. रंगांची विविधता इतकी की आयुष्य पुरणार नाही. ज्याला रांगेत मांडलेल्या, चकचकीत, एकसारख्या आकाराच्या गोट्या बघून समाधान वाटतं, त्यानं बहुतेक पुढचं वाचायची गरज नाही. त्यानं खुशाल हीच वाट धरावी.

माझं अडलं ते एका गोटीवर.

१६ मिलिमीटरच्या आसपासची, दुधी पांढरी. अंगावर दोन हिरवे पट्टे आणि पाठीकडे एक विटकरी. घेताना सोबतच्या चिठ्ठीवर 'पेल्टियर' लिहिलं होतं, म्हणून मीही कप्प्याखालच्या कागदावर पेन्सिलीनं तेच लिहिलं. काही महिन्यांनी एका जाणत्या गृहस्थांनी ती पाहिली. भिंग लावून सीम बघितली, म्हणजे यंत्रात काच तुटून मिटते तिथली रेघ, आणि म्हणाले, 'ही व्हिट्रो', म्हणजे दुसऱ्याच कारखान्याची. मी खोडून व्हिट्रो लिहिलं. पुढच्या वर्षी तितक्याच जाणत्या दुसऱ्या गृहस्थांनी तीच रेघ, तेच भिंग धरून 'मास्टर असणार', म्हणजे आणखी तिसऱ्याच कारखान्याची, असं सांगितलं. दोघांची कारणं ऐकताना दोघंही खरे वाटत होते. मी तिसऱ्यांदा खोडरबर घेतलं तेव्हा कागदाची लव निघाली होती आणि पेन्सिल धड उमटेना. आज त्या कप्प्याखाली नुसतं 'पॅच, पांढरा-हिरवा-लाल' असं आहे. कारखान्याची जागा कोरी.

एकाच गोटीचं असं झालं असतं तर मी विसरून गेलो असतो. पण त्या ट्रेमधल्या चाळीसेक गोट्यांपैकी निम्म्यांच्या खाली कधी ना कधी नाव बदललं. आणि यात त्या जाणत्या माणसांचा काही दोष नाही. मूळ गुंताच तसा आहे. मास्टर मार्बल कंपनी १९३० मध्ये काढली तीच ॲक्रो सोडून आलेल्या माणसांनी, आणि तीही क्लार्क्सबर्गच्या जवळच. व्हिट्रो ॲगेट १९३२ मध्ये त्याच राज्यातल्या पार्कर्सबर्गला सुरू झाली. एकाच पट्ट्यातले कारखाने. माणसं इकडून तिकडे जायची, यंत्रांची मूळ कल्पना सारखीच, आणि बाटल्या-बरण्यांची मोडकी काच वितळवून वापरायची रीत बऱ्याच ठिकाणी होती. मग रंगावरून कारखाना ठरवणार कसा? त्यात जुन्या कारखान्यांच्या जागा खणून निघालेल्या तुकड्यांवरून जुने समज अजूनही बदलतायत. हे काम फार मोलाचं आहे, ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्याचा अर्थ असा की तुम्ही आज मेहनतीनं केलेली वर्गवारी पाच वर्षांनी तशीच राहील याची खात्री नाही, आणि ती बदलण्याचं कारण तुमच्या हातातल्या गोटीत सापडणार नाही. ते कुठल्या तरी खड्ड्यातून निघेल.

कॉर्कस्क्रू, ९ आकड्याचे स्लॅग, ख्रिस्टेनसेन ॲगेटचे पेटते रंग यांच्याबाबत हा त्रास कमी आहे, हे मान्यच करायला हवं. पण संग्रह काही फक्त त्यांचा होत नाही. रोज हाताशी येतात त्या पॅच आणि पट्टेदार रिबन, आणि खोडरबर लागतं ते तिथेच.

काळ्या प्रकाशाची, म्हणजे अतिनील किरणांची, बॅटरी घेतली तर हा गुंता सुटेल, असं मलाही वाटलं होतं. अंधारात ती लावली की काही गोट्या झगझगीत हिरव्या उजळतात, कारण काचेत युरेनियम असतं. दृश्य सुंदर असतं. पण युरेनियमची काच एकोणिसाव्या शतकातही होती आणि विसाव्यातही. काचेत काय घातलंय तेवढं ती बॅटरी सांगते. कुणी घातलं, ते सांगत नाही.

आता हातच्या गोट्यांकडे वळतो.

थुरिंगियाच्या डोंगरांतलं लाउशा हे काचकामाचं गाव. १८४० च्या दशकात तिथे गोट्यांची खास कात्री निघाली. एका पात्याच्या टोकाला वाटीसारखा खळगा, दुसऱ्याला तोडायची धार. रंगीत काचेच्या दोऱ्या आत बसवून, वर पारदर्शक काच चढवून, पीळ देत लांब कांडी ओढायची. तिचं टोक तापवून खळग्यात घ्यायचं, गोल वळायचं आणि कापायचं. मग पुढची गोटी. या रीतीमुळे प्रत्येक गोटीला दोन टोकं येतात. जिथे काच कांडीपासून तुटली तिथे खरखरीत व्रण राहतो, त्याला पाँटिल म्हणतात. काही गोट्यांत तो घासून सपाट केलेला असतो, काहींत त्याला पैलू पाडलेले असतात, काहींत पुन्हा तापवून विरघळवलेला. पण असतो. आणि आतली सगळी रंगांची दोरखंडं या दोन टोकांकडेच धावत जातात.

मला हे समजायला एक लॅटिसिनो स्वर्ल कारण झाली. पावणेदोन सेंटिमीटरची, थोडी लंबगोल. मी ती टॉर्चसमोर धरली. मधोमध पांढऱ्या धाग्यांची जाळी, मासेमारीच्या जाळ्याला पीळ घातल्यासारखी. तिच्या बाहेर, काचेच्या जवळजवळ कातडीखाली, रंगीत दोऱ्यांचे चार जुडगे: लाल-पांढरा, निळा-पांढरा, पुन्हा लाल, पुन्हा निळा. गोटी हळूहळू फिरवत टोकाशी आणली तर हे चारही जुडगे आकसत, एकमेकांवर चढत, त्या खरखरीत व्रणात शिरलेले. नखानं तो व्रण लागला. दुसऱ्या टोकाला तेच. एक निळा जुडगा मात्र व्रणापर्यंत पोचलाच नव्हता, वाटेतच संपला होता. कांडीची ती पहिली किंवा शेवटची गोटी असली पाहिजे, जिथे नक्षी अपुरी राहते. हे सगळं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते गोटीत होतं, बघायला वेळ दिला तेवढाच.

हातच्या गोट्यांची वर्गवारी अशीच गाभा बघून होते. जाळी असेल तर लॅटिसिनो. तीन-चार सुटे पट्टे असून मध्ये मोकळी जागा दिसली तर डिव्हायडेड कोअर. पट्टे एकमेकांना चिकटून नळा झाला असेल तर सॉलिड कोअर. एकच चपटा फितीसारखा पट्टा वळत गेला असेल तर रिबन कोअर. गाभाच नसून कातडीखाली दोऱ्या गच्च बसल्या असतील तर जोसेफ्स कोट. काळ्या काचेवर रंगीत पट्टे ते इंडियन, दुधी काचेवर सारख्या अंतरावर बारीक रेघा ते क्लॅमब्रॉथ, काचेत अभ्रकाचे कण चमकले तर मायका. अनियनस्किनमध्ये रंगांचे थेंब गाभ्यावर ओढून पसरवलेले असतात आणि वर पातळ पारदर्शक काच. पारदर्शक गोटीत पांढरा प्राणी किंवा माणूस बसवलेले सल्फाइड हा स्वतंत्र विषय आहे. त्यात नकलाही बऱ्याच निघतात, सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

यात कारागिराचं नाव कुठेच लागत नाही. लुट्झ गोट्यांचंच बघा. सोनेरी चमचमता पट्टा असलेल्या या गोट्यांना नाव पडलं ते मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविचच्या काचकारखान्यात काम केलेल्या निकोलस लुट्झ यांच्यावरून. गोट्या मात्र जर्मनीतल्या. ती चमक सोन्याचीही नाही, काचेत विखुरलेल्या तांब्याच्या स्फटिकांची आहे. म्हणजे नाव दोन्हीकडून फसवं, तरी कप्प्याखालची चिठ्ठी बदलत नाही. लुट्झ म्हणजे तो चमकता पट्टा. तो दिसतो तोवर गोटी लुट्झच.

या वाटेवरही त्रास आहेत, आणि ते लपवून तुम्हाला इकडे बोलवावं असं मला वाटत नाही. पहिला त्रास अवस्थेचा. या गोट्या पोरांनी दगडा-मातीत खेळलेल्या आहेत. आदळल्याच्या जागी काचेत अर्धचंद्रासारख्या चिरा दिसतात, जमवणारे त्यांना 'मून' म्हणतात. एखाद-दुसरा मून असलेली गोटी नाकारत बसलात तर कप्पे रिकामे राहतील. 'मिंट'चा, म्हणजे अगदी कोऱ्या गोटीचा, आग्रह धरणाऱ्या माणसाला इथे समाधान मिळणं कठीण.

दुसरा त्रास पॉलिशचा, आणि तो मला चांगलाच भोवला. एक अनियनस्किन मी फोटोवरून घेतली. पिवळा, हिरवा, किरमिजी, फोटोत ओलीगच्च चमकत होती. घरी येऊन हातात घेतली तर दोन्ही टोकं पाण्यासारखी गुळगुळीत. पाँटिलचा मागमूस नाही. एका कुशीला वरची पातळ काच घासून गेली होती, रंग उघडा पडला होता आणि बोटाला तिथे किंचित वेगळं लागत होतं. जुने ठोके घालवण्यासाठी कुणीतरी तिला यंत्रावर घासलं होतं, आणि घेताना तसं सांगितलेलं नव्हतं. दोन दिवस वाईट वाटत राहिलं. गोटीचा जन्मदाखलाच पुसून टाकल्यासारखं झालं होतं.

तरी या प्रसंगानं माझा निर्णय उलटा फिरला नाही, तो पक्काच झाला. ती फसवणूक मला गोटीतच वाचता आली. व्रण नाही, कातडी नाही, चमक जरा जास्तच. त्यानंतर घासलेली गोटी ओळखायला मी फारसा चुकलो नाही. पॉलिश केलेल्या गोटीवरून मी शिकलो आणि ते शिकणं टिकलं. त्या पांढऱ्या-हिरव्या पॅचवरून मात्र तीन वर्षांत काही शिकलो असं म्हणता येत नाही, कारण तिच्याबद्दलचं उत्तर तिच्यात नव्हतंच.

आजचे काचकारागीरही हातच्या गोट्या करतात, आणि काही फार देखण्या असतात. त्या जुन्या म्हणून खपवल्या जातात तेव्हा गोंधळ होऊ शकतो. माझा अनुभव एवढाच सांगतो की जुन्या गोटीची कातडी कधी एकसारखी नसते. बारीक टोचे, कुठे काच गार होताना पडलेली सुरकुती, वर्षानुवर्षं डब्यात घासून आलेली धूसरता. भिंगाखाली संपूर्ण अंग कोरं करकरीत दिसलं तर मी थांबतो आणि दोन्ही टोकं पुन्हा बघतो. हा काही शास्त्रीय निकष नाही. पण आजवर उपयोगी पडलाय.

मग कुणी कुठे जावं? कारखान्यांचा इतिहास आवडत असेल, डब्या, जाहिराती, कंपन्यांची भांडणं आणि फाटाफूट यांत रमायला होत असेल, एखाद्या गोटीचा प्रश्न दहा वर्षं उघडा राहिला तरी चालणार असेल, तर यंत्राच्या गोट्यांसारखं क्षेत्र नाही. माझ्या ओळखीतले सर्वांत अभ्यासू लोक तिकडेच आहेत. त्या वाटेनं गेलात तर कॉर्कस्क्रूपासून सुरुवात करा, तिथे पाय घट्ट रोवले की मग पॅचकडे वळा. आणि महायुद्धानंतर जपानमधून आलेल्या कॅट्स आयचा, म्हणजे आत मांजराच्या डोळ्यासारखी रंगीत पाती असलेल्या पारदर्शक गोट्यांचा, ढीग समोर आला तर त्यावर फार वेळ घालवू नका, निदान पहिल्या वर्षी.

स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचं असेल, कप्प्याखाली एकदा लिहिलेलं पुन्हा खोडायला लागू नये असं वाटत असेल, तर मला हातच्या गोट्या उजव्या वाटतात. थोड्याच घेता येतील, ठोके खाल्लेल्या असतील, ते चालवून घ्यावं लागेल.

पहिली घ्यायची झाली तर पांढऱ्या जाळीची साधी लॅटिसिनो घ्या. सर्वांत जास्त मिळते तीच, म्हणून घाई करायचं कारण नाही. एखादा मून असला तरी चालेल, दोन्ही पाँटिल मात्र शाबूत हवेत. विकणाऱ्याकडे दोन्ही टोकांचे वेगवेगळे, जवळून काढलेले फोटो मागा. फक्त कुशीचा फोटो देऊन टोकं दाखवायला टाळाटाळ होत असेल तर ती गोटी तिथेच राहू द्या. हातात आल्यावर १० पटीचं भिंग आणि एक लहान टॉर्च घेऊन खोलीतला दिवा मालवा. आधी टोक बघा, मग गाभा, मग कातडीखालच्या दोऱ्या एकेक करून मोजा. मोजताना कुठली दोरी वाटेत संपलीय का तेही बघा. मी ती पहिली लॅटिसिनो अजून दर काही महिन्यांनी काढतो, आणि परवाच तिच्या लाल जुडग्यात एक केसाएवढी पिवळी दोरी दिसली, जी इतक्या वर्षांत मला कधी दिसली नव्हती.